कावळा शिवला तेव्हा मी तिथेच उभी होते

पत्र:

मावशी नमस्कार. पत्र मोठं झालंय, कापलंत तरी चालेल.

बाबा जाऊन आठ महिने झाले. एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं, ते तिकिटाचं मशीन यायच्या आधीचे, ट्रे आणि पंचवाले. पहाटेची गाडी असायची म्हणून सव्वाचारला उठायचे, उठलं की आधी खाकरायचे आणि मग चहा होईपर्यंत पंच हातात घेऊन टकटक टकटक, सवयच होती ती. रिटायर झाल्यावर पंच गेला तर अडकित्ता घेऊन टकटक करायचे, वेळ मात्र तीच. मावशी, आता मला पुण्यात माझ्या फ्लॅटमध्ये सव्वाचारला ती टकटक ऐकू येते. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. खाकरणंपण. भीती नाही वाटत, उलट बरं वाटतं आणि मग रडू येतं.

नवरा म्हणतो भास आहेत, डॉक्टरला दाखवू. आत्या म्हणते जीव अडकलाय, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा. कारण दहाव्याला घाटावर कावळा शिवत नव्हता, दीड तास. आईला सांभाळू म्हणून झालं, काकांचं कर्ज फेडू म्हणून झालं, नातवाला शिकवू म्हणून झालं, शेवटी दादा पुढे गेला, हात जोडले आणि म्हणाला बाबा गावचं घर विकणार नाही. दोन मिनिटांत कावळा आला. मी तिथेच उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आता तोच दादा घर विकायचं म्हणतोय, त्याला डोंबिवलीत मोठा फ्लॅट घ्यायचाय, आई त्याच्याकडेच असते. म्हणतो तेव्हा कावळा शिवावा म्हणून बोललो गं. मला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगतोय. आणि टकटक सुरू झाली ती बरोब्बर त्याच आठवड्यात. बाबाच नको म्हणतायत असं मला आतून पक्कं वाटतं.

(शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, नंतर करते म्हणाले.)

मी बीएस्सी झालेली आहे, हे सगळं लिहितानाच लाज वाटतेय. पण स्वतःच्या कानाडोळ्यांवर आणि आतून जे वाटतं त्यावर विश्वास नाही ठेवायचा तर मग ठेवायचा कशावर? श्रद्धा कुठे संपते आणि येडेपणा कुठे सुरू होतो?

गोंधळलेली लेक, पुणे

उत्तर:

अगं लाज कसली त्यात. बीएस्सीला काय कान काढून घेतात का.

आधी येडेपणाचं बघू, कारण तेच तुला जास्त खातंय असं दिसतंय. १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरांनी, रीस त्यांचं नाव, नवरा किंवा बायको गेलेल्या जवळपास तीनशे माणसांना नीट बसून विचारलं की गेलेलं माणूस तुम्हाला कधी जाणवतं का. जवळपास निम्म्या लोकांनी हो सांगितलं. कुणाला नुसतं घरात कुणीतरी आहे असं वाटायचं, कुणाला आवाज यायचा, काहींना चक्क दिसायचं. आणि बहुतेकांनी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, काहींनी तर लोक हसतील म्हणून. हे नवराबायकोंचं झालं, पण बापाच्या लेकीचं मन काही वेगळ्या मातीचं नसतं. बऱ्याच जणांना त्याने आधारच वाटायचा, तुला वाटतो तसा. तेव्हा तू येडी नाहीस, तू दुःखात आहेस. नवऱ्याला हे वाचून दाखव.

तरी डॉक्टरचं त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाहीये. तो आवाज तुला काही करायला सांगायला लागला, दिवसाढवळ्या आणि अनोळखी आवाज यायला लागले, झोप-जेवण-ऑफिस बिघडलं, जगणं नको वाटायला लागलं, तर मला पत्र लिहीत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सध्या जे आहे त्याला मी एवढंच म्हणेन की एकदा नॉर्मल चेकअप करून घे, आठ महिने नीट झोप नसेल तर बीपी आणि थायरॉइडपण बघायला हवं, त्यात भुताखेताचं काही नाही.

आता कान. आपल्या प्रत्येक डोळ्यात एक भोक आहे हे तुला बीएस्सीला शिकवलं असेल. मागच्या पडद्यातून जिथून नस बाहेर पडते तिथे काहीच दिसत नाही, सतराव्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलं ते. पण तुला कधी जगात भोक दिसलंय? नाही ना, कारण आजूबाजूला जे असेल त्याने मेंदू ते भोक रफू करून टाकतो, तुला न विचारता. तुझ्या लहानपणापासून सव्वाचारला एक आवाज होता, तो आता नाही, तिथे भोक पडलंय आणि कुणीतरी आतल्या आत रफू करतंय, मला तरी असंच वाटतं. त्यात सव्वाचार ही वेळ अशी की माणूस ना धड झोपेत ना धड जागा, त्या मधल्या पाचदहा मिनिटांत घरात मयत झालेली नसली तरी लोकांना हाका ऐकू येतात, बेल ऐकू येते, तो काही रोग नाही.

म्हणजे आवाज खोटा का? इथे मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने नाही. तुला ऐकू आला हे शंभर टक्के खरं आहे. आणि बाबा नको म्हणतायत हे तू त्या आवाजाला लावलेलं लेबल आहे. लेबल निघालं तरी बरणी राहते. लोक भांडतात ते दरवेळी लेबलवर, आणि ज्याला ऐकू आलं त्याला वाटतं माझी बरणीच फोडतायत, मग तो अजूनच घट्ट धरून बसतो.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये, माझी फजिती सांगते. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय म्हणून देशभर बोंब झाली होती, तू तेव्हा फार तर शाळेत असशील. मी तेव्हा हायस्कूलला फिजिक्स शिकवायचे, नववी-दहावीला, पृष्ठताण आणि केशाकर्षण, म्हणजे द्रव कडेला चिकटून आपोआप कसा ओढला जातो ते, फळ्यावर मीच काढून दाखवायचे. आमच्या चाळीतल्या देवळात संध्याकाळी रांग, सासूबाई म्हणाल्या चल, गेले. चमचा सोंडेला लावला आणि दूध गेलं गं. माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू चमचा रिकामा झाला, अंगावर असा सर्रकन काटा आला, डोळ्यांत पाणी. मागच्या बाईने ढकललं नसतं तर अजून उभी राहिले असते. बाजूला झाले तेव्हा खाली नजर गेली तर गणपतीच्या पोटावरून पातळ पांढरा ओघळ पायापर्यंत आणि फरशीवर थारोळं. दिल्लीला शास्त्रज्ञांनी नंतर दुधात रंग घालून हेच दाखवलं, दूध मूर्तीवरून खाली पसरतं, पातळ थर असतो म्हणून पांढऱ्या संगमरवरावर पटकन दिसत नाही.

गंमत बघ, माझ्या डोळ्यांनी मला फसवलंच नव्हतं. दूध चमच्यातून जातंय असं डोळे म्हणाले आणि ते जातच होतं. देव पितोय हे डोळ्यांना दिसलेलं नव्हतं, ते रांगेतल्या लोकांनी मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. आणि काटा, तोपण खरा होता. तो दुधाचा नव्हता पण, त्या वर्षी माझं एक मूल पोटातच गेलेलं होतं आणि मला कुणीतरी माझ्या हातून काहीतरी घ्यावं असं फार वाटत होतं. हे मला समजायला कितीतरी वर्षं गेली. असो.

तर तुझा खरा प्रश्न, विश्वास ठेवायचा कशावर. पोराच्या कपाळाला हात लावून ताप आहे हे आईला कळतं, बहुतेक वेळा बरोबरच असतं, आणि त्या हातावर विश्वास नसेल तर ती थर्मामीटर शोधायला उठणारच नाही. पण तोच हात गार पाण्यात भांडी घासून आला असेल तर बऱ्या पोराचं कपाळपण चटका बसल्यासारखं लागतं. हात खोटं बोलत नाहीये, तो फक्त स्वतः गार आहे हे सांगत नाहीये. म्हणून हाताच्या भरवशावर उठायचं, थर्मामीटर लावायचा, आणि औषध किती ते आकडा बघून. आता तू म्हणशील थर्मामीटरवर तरी का ठेवायचा विश्वास, तर हो, तीपण श्रद्धाच आहे, बनवणाऱ्याने तो नीट बनवलाय ही, आणि आकडा वाचायचा पुन्हा त्याच डोळ्यांनी. यातून सुटका नाही कुणाची, अगदी कट्टर नास्तिकाचीपण. रस्ता ओलांडताना येणारी बस खरी आहे का याचा पुरावा मागत कोण थांबतं? चार्वाक म्हणायचे की डोळ्यांना दिसतं तेवढंच प्रमाण, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणायचे प्रत्यक्षाबरोबर अनुमानपण लागतं, उपमान म्हणजे सारखेपणावरून ओळखणं लागतं, भरवशाच्या माणसाचा शब्द लागतो. दोरी बघून साप म्हणून ओरडलो तर पहिलं ओरडणं चूक नाही. दिवा आणल्यावरपण काठी घेऊन दोरीलाच बडवत बसलो तर मग मात्र आत्याला आणि मला एकाच खोलीत ठेव.

तुझा हात आठ महिने गार पाण्यात आहे, एवढंच मला म्हणायचंय.

भावनांचं तर अजून अवघड. १९७४ साली कॅनडातला एक प्रयोग छापून आला होता, व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, खाली सत्तर मीटर खोल दरी, पाय लटपटतात. तिथून चालत आलेल्या पुरुषांना एका बाईने चारदोन प्रश्न विचारले, शेवटी स्वतःचा फोन नंबर दिला, आणि दुसऱ्या एका बुटक्या पक्क्या पुलावरपण हेच केलं. झुलत्या पुलावरच्या अठरातल्या नऊ जणांनी नंतर फोन केला, पक्क्या पुलावरच्या सोळातल्या दोघांनी. छातीतली धडधड खरीच होती गं, पण ती दरीची होती आणि गड्यांनी ती बाईच्या खात्यावर लिहिली.

आता तुझी धडधड कुणाच्या खात्यावर लिहिली गेलीये ते बघ. तू पत्रात सगळं मोकळं लिहिलंस आणि एकच गोष्ट कंसात टाकलीस, दुपारचा फोन. मी शिक्षिका होते ना, पोरं जे कंसात किंवा खोडून लिहितात तेच मी आधी वाचायचे. नंतर करते म्हणालीस आणि तो नंतर आलाच नाही. मग एक आवाज परत आला आणि यावेळी तू तो उचललास. मला नाही वाटत त्या टकटकीचा घराशी एवढा संबंध आहे. दादाने घर विकायचं काढलं तेव्हा बाबांची शेवटची वस्तू जायची वेळ आली, म्हणून त्या आठवड्यात सुरू झाली असेल. तो फोन तुला माफ करायला कुणी नाहीये आता, मी पण नाही करू शकत. फक्त एवढं सांगते की तीस वर्षं पहिल्या गाडीला गेलेल्या माणसाला ड्युटीवर असताना फोन घेता येत नाही हे कळत असणार.

बरं आता कावळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण अख्खा घोळ तिथे झालाय.

घाटावर पिंड ठेवलेला, भोवती चाळीस-पन्नास माणसं, सगळी काव काव करतायत, कुणी हात हलवतंय, कुणी मोबाइल काढून उभं. कावळा हा महाबेरकी पक्षी, अमेरिकेत सिअ‍ॅटलला मुखवटे घालून कावळे पकडायचा प्रयोग केला होता तर त्यांनी तो मुखवटा वर्षानुवर्षं लक्षात ठेवला, तो घातलेला माणूस दिसला की कलकलाट. तिकडची जात वेगळी पण आपले कावळे काही कमी नाहीत, शाळेच्या डब्यातली पोळी कुणाची न्यायची ते त्यांना बरोबर कळायचं. असा कावळा पन्नास माणसांत कशाला उतरेल? दीड तासाने लोक दमतात, सावलीला सरकतात, आवाज कमी होतो. मग मोठा मुलगा पुढे जातो, हात जोडतो, बोलतो आणि मागे येतो, आणि त्याच्याबरोबर सगळेच चार पावलं मागे होतात, श्वास धरून गप्प. नेमका तेव्हा पिंड मोकळा असतो.

आणि दुसरं. आईला सांभाळू यावर कावळा आला नाही, कर्ज फेडू यावर नाही, नातवावर नाही. मग बाबांना बायको सांभाळलेली नको होती का? तसं कुणीच म्हणत नाही. शेवटी जे बोललं जातं तीच शेवटची इच्छा ठरते कारण कावळा आला की बोलणं थांबतं. अजून अर्धा तास आला नसता तर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला असता आणि सगळे जेवायला गेले असते, कित्येक घरात तसंच होतं.

म्हणजे दादा मोकळा झाला? अजिबात नाही. तो म्हणतो कावळ्यासाठी बोललो, पण कावळ्याला मराठी येत नाही, ऐकलं ते तू, आईने आणि पन्नास माणसांनी. मोठ्या भावाने बापाच्या दहाव्याला सगळ्यांसमोर शब्द दिला, तो शब्द तुमच्यातला आहे, कावळा उडून गेला तरी तो घाटावरच आहे. मोडायचा असेल तर मोडतापण येतो, माणसं मोडतात, परिस्थिती बदलते, पण मग तुझ्यासमोर बसून मला हा शब्द मोडावा लागतोय असं म्हणून मोडायचा. ते तू त्याला सांगू शकतेस, आणि त्यासाठी बाबांचा आत्मा मध्ये घालायची गरज नाही.

तूपण तेच करत्येस, रागावू नकोस. बाबा नको म्हणतायत, असं तू लिहितेस. मला नको आहे, असं सबंध पत्रात एकदाही नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरच्या घरावर तोंडाने हक्क सांगायचा म्हणजे आपल्याकडे केवढं मोठं पाप, म्हणून तो बापाच्या तोंडून सांगायचा. आतून जे पक्कं वाटतंय ना, ते नीट ऐकलंस तर त्यात आवाज तुझाच आहे. त्याच्यावर ठेव की विश्वास, मी कुठे नको म्हणते. फक्त त्याखाली सही बाबांची करू नकोस, तुझी कर.

सहीवरून आठवलं. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा आणि तू, तिघांचा सारखा हिस्सा. बाबांची आई हयात असेल तर तिचापण. वडिलोपार्जित असेल तर हिशोब थोडा वेगळा होतो, पण तेव्हाही मुलगी म्हणून तुझा हिस्सा आहेच. वारसनोंद झालीये का ते गावच्या ऑफिसात बघ आणि हक्कसोडपत्रावर घाईने, रडत, किंवा राखीपौर्णिमेच्या आसपास सही करू नकोस. एखादा वकील गाठ, तासाभराचं काम आहे. हे भावाशी भांडण नव्हे, तोपण तुझ्या सहीशिवाय अख्खं घर विकू शकत नाही म्हणूनच सही मागतोय.

नारायण नागबळी. तीन दिवसांचा विधी आहे, लांबचा प्रवास, खर्च. तुझं मन म्हणत असेल की बाबांसाठी काहीतरी करायचं राहिलं, तर कर, मी नास्तिक बाई काही तुला अडवत नाही, माणसाला दुःख वाहून न्यायला काहीतरी भांडं लागतं. पण आत्या म्हणते म्हणून, जीव अडकलाय या भीतीने, कर्ज काढून जायचं नाही. आणि विधी झाल्यावर टकटक थांबली तर तुला बरं वाटेल का, हे आधी स्वतःला विचार. मला शंका आहे.

टकटक आली तर येऊ दे. उठावंसं वाटलं तर ऊठ, चहा टाक. वाटलं तर नवऱ्यालापण उठव एखाद्या दिवशी, त्याला काही ऐकू येतं का बघ, येणार नाही, पण तो शेजारी बसेल. शंका घ्यायची ती अशी, चारचौघांत, भांडण न करता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात बाबा आहेत, दादा आहे, आत्या आहे, नवरा आहे, कावळा तर आहेच. आई दोन ओळींत आहे. एकदा तिला सांभाळायचं वचन म्हणून आणि एकदा दादाकडे असते म्हणून. त्या घरात नांदायला आलेली बाई ती, त्या चुलीवर सव्वाचारला चहा करणारी ती, कायद्याने हिस्सेदार ती, आणि घराचं काय करायचं हे तुम्ही दोघं बहीणभाऊ गेलेल्या माणसाकडून काढून घेताय, एक कावळ्यातून आणि एक टकटकीतून. जिवंत माणसाला विचारलंय का कुणी? तिला कदाचित गावी परत जायचं असेल. कदाचित ते घर विकून मोकळं व्हायचं असेल, हेपण ऐकायची तयारी ठेव, तुला धक्का बसेल पण ठेव.

फोन कर तिला. स्पीकरवर नको, सूनबाई कामावर आणि दादा ऑफिसला गेल्यावर कर, किंवा सरळ जाऊन ये एक दिवस, पुण्याहून डोंबिवली काही लांब नाही. घराचं विचार. आणि निघायच्या आधी हळूच हेपण विचार की तिला सव्वाचारला जाग येते का.